दोन्हीकडे फिरणारं कडं

आमच्या घरात कुणीही नवं घड्याळ घेतलं की ते आधी माझ्या हातात आणून देतात. मी या विषयातला जाणकार आहे असा पुतण्या-भाच्यांचा समज आहे, आणि तो दूर करण्याइतका मी अजून प्रामाणिक झालेलो नाही. मी चष्मा कपाळावर चढवतो, घड्याळ कानाशी धरतो, हुंकार देतो. तबकडीभोवती फिरतं कडं असेल तर ते अंगठ्यानं दोन्हीकडे फिरवून बघतो आणि परत देतो. "काका, पास का नापास?" असं विचारतात. मी म्हणतो, "डबी जरा मोठी आहे." कडं दोन्हीकडे का फिरवलं, हे आजवर कुणी विचारलेलं नाही. म्हणून लिहूनच ठेवतो.

सत्तर-एकाहत्तर सालची गोष्ट. मी तेव्हा सोनईपासून सायकलच्या टप्प्यात असलेल्या एका हायस्कुलात सायन्स शिकवायचो. नवीन नोकरी, नवीन लग्न आणि मनगटावर सासऱ्यांनी लग्नात दिलेलं चावीचं घड्याळ. ते इतकं लहान होतं की वर्गातल्या मागच्या बाकांवरून दिसायचं नाही. माझं मनगटही तसं भेंडीच्या जातीचं असल्यामुळे दोघांचं बरं जमत होतं. पण दादाला ते घड्याळ बघवत नसे.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. चुलते लवकर गेले, त्यामुळे त्यांच्या वाट्याची शेती तोच बघायचा. विहिरीत पोहायला मला त्यानं शिकवलं, सायकल त्यानं शिकवली आणि घड्याळांचं वेडही त्यानंच लावलं. पहिल्या दोन गोष्टींत मी एकदोनदा मरता मरता वाचलो. तिसरी निरुपद्रवी वाटली होती.

आमच्या शाळेच्या वाचनालयात एक इंग्रजी साप्ताहिक यायचं. आतलं इंग्रजी मुख्याध्यापक वाचत. मागचं पान माझं. त्या पानावर कधीकधी घड्याळाची रंगीत जाहिरात असे. रबरी झबलं घातलेला, पायाला बदकासारखे पंजे लावलेला एक गोरा माणूस निळ्या पाण्यात तोंड खाली करून चाललाय आणि त्याच्या बाहीवरून बांधलेलं ते घड्याळ. जाड काच, अंधारात चमकणारे काटे आणि तबकडीभोवती मिनिटांचे आकडे कोरलेलं एक फिरतं कडं. आम्ही त्या जातीच्या घड्याळांना 'पाणबुड्या' म्हणायचो. अंक जुना झाला की ते पान मी काढून घ्यायचो आणि बाजारच्या दिवशी सोनईच्या पेठेतल्या घड्याळजीच्या दुकानात आमची सभा भरायची.

सभासद चार. मी, दादा, दुकानाचा मालक घड्याळजी आणि ढोरांच्या दवाखान्यातला कंपाउंडर. चौघांपैकी समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. कंपाउंडर एकदा भंडारदऱ्याचं धरण बघून आला होता, त्यामुळे पाण्याच्या बाबतीत त्याचा शब्द अखेरचा मानला जाई.

सभेत दोन पक्ष होते, बटणवाले आणि डबीवाले. घड्याळ कोटाच्या बटणाएवढं असावं, असं म्हणणारे आम्ही बटणवाले, म्हणजे मी आणि घड्याळजी. ते चुन्याच्या डबीएवढं असावं, असं म्हणणारे दादा आणि कंपाउंडर. नवीन पान आलं की कंपाउंडर खिशातली चुन्याची डबी काढून चित्रावर ठेवायचा.

"बघा, डबीच्या भाईर निगालंय. ह्याला म्हंत्यात घड्याळ."

"हे घड्याळ न्हाई, झाकन हाय," घड्याळजी डोळ्याला लावलेलं भिंग न काढताच म्हणायचा. "सदऱ्याच्या बाहीत जायचं न्हाई. बाही फाडून हिंडनार का?"

"बाही दुमडायची," दादा म्हणायचा. "मानसाचं मनगाट कशाला दिलंय देवानं? आमच्या मास्तरासारख्यांचं सोडा. त्यांनी ते बायकोचं वापरावं."

"माझ्या बायकोच्या बापानं दिलंय ते, बायकोचं नाही."

"तेच की. हात बगूनच दिलंय."

ही वाक्यं मी घरी जाऊन सांगायचो, हसण्यासाठी. बायको हसायची नाही. "आमच्या बाबांनी वेळ बघायला दिलंय, थोरल्या भाऊजींना दाखवायला नाही," असं म्हणून ती चुलीत फुंकर मारायची. तिला पहिल्यापासून दादाचं हसणं खटकायचं. मला वाटायचं, बायकांना घड्याळातलं काय कळतं.

एका पानावर बारीक अक्षरात 'दोनशे मीटर' लिहिलेलं होतं. एवढ्या खोलीपर्यंत पाणी आत शिरणार नाही, असा त्याचा अर्थ मी सांगितला. दादानं लगेच हिशोब मागितला. आमच्याकडे विहीर परसानं मोजतात, एक परस म्हणजे पुरुषभर. मी गणित करून सांगितलं, शंभरावर परस होतात. आमची विहीर दहा परसाची, आणि ती पंचक्रोशीत खोल समजली जाई.

"तेवढ्या खाली गेल्यावर टाइम कुनाला बगायचाय?" कंपाउंडर म्हणाला.

"यम इचारील," घड्याळजी म्हणाला. "त्यो लई टाइमाचा पक्का."

आणि मग खरोखरच एक पाणबुड्या आमच्या घरी आला.

आमचा एक आतेभाऊ मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. दोनतीन वर्षांनी तो आत्याकडे आला तसा आमच्याकडेही आला. चहा पिता पिता त्यानं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि माझ्या आणि दादाच्या मधोमध सतरंजीवर ठेवलं. "दोघांत एक. सामाईक. मी दुसरं घेतलंय."

काळी तबकडी, स्टीलचा पट्टा, आणि कड्यावर शून्याच्या जागी एक पांढरा त्रिकोण. चावी द्यायची गरज नाही, हातात घालून हिंडलं की आपोआप भरते. कड्याचा उपयोगही त्यानंच सांगितला. पाण्यात उडी मारताना त्रिकोण मिनिटकाट्यावर आणून ठेवायचा. मग तिथून काटा किती पुढं सरकला ते बघायचं, म्हणजे पाण्यात किती वेळ गेला ते कळतं आणि पाठीवरची हवा संपायच्या आत वर येता येतं. दादानं कडं फिरवून बघितलं. कट-कट-कट असा नाजूक आवाज आला. उलटं फिरवलं, तरी तोच आवाज. आम्ही दोघं आळीपाळीनं कितीतरी वेळ नुसतं कडंच फिरवत बसलो.

'सामाईक' हा शब्द आमच्या घराला नवा नव्हता. विहीर सामाईक, बांधावरची आंब्याची दोन झाडं सामाईक, गोठ्याची भिंत सामाईक. त्यात घड्याळाची भर पडली. एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत ते दादाच्या हातात, पुढच्या बाजारापर्यंत माझ्या. माझ्या आठवड्यात ते मनगटावरून घसरून कोपराकडे जायचं आणि फळ्यावर लिहिताना हात वर केला की दंडात येऊन बसायचं. मुलं हसायची. पण एक कबूल करतो, त्या आठवड्यात मी पक्ष बदलायचो. डबीवाला व्हायचो.

त्याची परीक्षा घेतली तीही आठवते. घड्याळजीचा विश्वास नव्हता. तो मुद्दाम कंपाउंडरला मागं बसवून सायकल हाणत आमच्या मळ्यात आला. दादानं घड्याळ दोरीला बांधलं, खाली दगड लावला आणि विहिरीत सोडलं. आम्ही चौघं काठावर पालथे पडून खाली बघत राहिलो. वर काढलं तेव्हा सेकंदकाटा आपल्या चालीनं चालला होता. दादानं ते धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि माझ्या मनगटात घातलं, आठवडा त्याचा होता तरी. म्हणाला, "आज तू घाल, मास्तर." घड्याळजी खिन्न झाला. "पान्यात पडल्याली घड्याळं सुकवून आमी पोट भरतो. ह्ये असली निगाली तर आमी काय खावं?"

दादानं ते माझ्या मनगटात घातलं तो क्षण मी पुढं पुष्कळदा आठवून बघितला आहे. त्यात काही खोट होती का, म्हणून. सापडली नाही.

पुढच्या वर्षी पाऊस रुसला. पहिल्यांदा सगळे म्हणाले उशिरानं येईल, मग म्हणाले परतीचा येईल. नंतर कुणी काही म्हणेनासं झालं.

आमच्या वडिलांना, आबांना, एकच हौस होती. त्यांनी विहिरीच्या खालच्या अंगाला मोसंबीची कलमं लावली होती. बाग चौथ्या वर्षात होती, पहिला बहार अजून धरायचा होता. आबा त्या झाडांशी बोलत नसत, पण त्यांच्यातून जाताना फांदी बाजूला सारण्याऐवजी स्वतः वाकून जात. पावसापर्यंत झाडं जगवायची, एवढंच त्या उन्हाळ्यात आमच्या घरासमोर काम होतं. वरच्या अंगाला दादाची मोसंबी, तेवढीच.

विहिरीत रात्रभर आणि सकाळभर झऱ्यांनी जे पाणी साठायचं ते मोटार दुपारी दोन तासांत ओढून टाकायची. एक तास दादाचा, एक तास आमचा. थोरल्या घराची पाळी आधी, ही आजोबांच्या वेळची रीत. पूर्वी पाळ्या लांब असत आणि त्या साखर कारखान्याच्या भोंग्यावर बदलत. भोंगा वाजला की पाटाची दारं फिरवायची, भांडण नाही. पण त्या साली उसाअभावी कारखान्याचं गाळप लवकर आटपलं, भोंगा बंद झाला आणि सगळ्या शिवारात वेळेवरून तंटे सुरू झाले. आमच्या शेजारच्या मळ्यात तर खोऱ्याचा दांडा डोक्यात घालण्यापर्यंत गोष्ट गेली.

आपल्याकडे असं होऊ नये म्हणून मी एक शक्कल काढली. मला माझा इतका अभिमान वाटला की मी ती आधी शाळेत मुख्याध्यापकांना सांगितली आणि मग घरी. ज्याचा आठवडा असेल त्यानं दुपारपुरता मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत खिळ्याला पाणबुड्या टांगायचा. बटण दाबलं की त्रिकोण मिनिटकाट्यावर आणायचा. काटा पूर्ण फिरून पुन्हा त्रिकोणावर आला की एक तास झाला. आकडे वाचायची गरज नाही. आबांना घड्याळ वाचता येत नव्हतं, पण त्रिकोण दिसत होता.

"म्हंजी काटा तिकोनावर आला की आपली पाळी," आबा म्हणाले.

"हां. ह्यात कुणाची फसवणूक होत नाही."

हे वाक्य माझंच. दादा तेव्हा बाजूलाच उभा होता. "सायबाच्या देशाचं हाय, आबा. खोटं बोलनार न्हाई," असं तो वरून म्हणाला.

आबांना ते पटलं. मोटारीचं बटण दाबण्याआधी ते तिला हात जोडत, ही त्यांची जुनी सवय. आता तिच्याबरोबर खिळ्यावरच्या पाणबुड्यालाही हात जोडू लागले.

काही दिवस बरे गेले. मग आमच्या पाळीत पाणी कमी पडायला लागलं. काटा त्रिकोणाच्या बराच अलीकडे असतानाच मोटार हवा ओढायची आणि खोकायला लागायची. खालच्या ओळींना पाणी पोचायचं नाही. आबा विहिरीत डोकावून बघायचे. "झरं आटलं," एवढंच म्हणायचे. दादा त्यांच्या शेजारी उभा राहून डोकवायचा, मान हलवायचा. "माज्याबी पाळीत कमीच येतंय, आबा."

शाळा सकाळची झाली होती, त्यामुळे दुपारी मीही मळ्यात जाऊ लागलो. हातात सासऱ्यांचं घड्याळ. एक दिवस दादाच्या पाळीत माझं लक्ष गेलं. माझ्या घड्याळात तास होऊन गेला होता आणि पाणबुड्याचा काटा त्रिकोणापासून अजून लांब होता.

कुणाही शहाण्या माणसाला यातून काय समजलं असतं? मला समजलं की सासऱ्यांचं घड्याळ पुढं जातंय.

दुसऱ्या दिवशी मी ते घड्याळजीकडे घेऊन गेलो. म्हटलं, हे पळतंय, जरा मागं करा. तो म्हणाला, बटणवाल्यांची घड्याळं कधी पळत नाहीत, पण तुम्ही सायन्सवाले, म्हणता तर करतो. त्यानं मागचं झाकण उघडून आतली बारीक पट्टी टोकापर्यंत सरकवली. अशा रीतीनं घरातलं एकुलतं एक खरं बोलणारं घड्याळ मी स्वतःच्या हातानं बिघडवून आणलं.

चारआठ दिवसांत मी शाळेत उशिरा पोचू लागलो. प्रार्थना संपल्यावर फाटकातून शिरणाऱ्या मुलांच्या रांगेत मुख्याध्यापकांनी मलाही उभं केलं नाही, हा त्यांचा मोठेपणा. आणि गंमत म्हणजे तेच मागं पडणारं घड्याळ दुपारी विहिरीवर नेलं की दादाच्या पाळीत पुन्हा पुढं धावायचं.

"एकच घड्याळ शाळेत मागं आणि विहिरीवर पुढं?" बायको म्हणाली. "मग घड्याळाला काय विचारता? विहिरीवर काय बिघडलंय ते बघा."

"तुला त्यातलं कळत नाही."

"मला भाऊजींचं कळतं."

मी रागावून जेवणावरून उठलो. दादावर असा आळ घेतलेला मला सहन झाला नाही. पण प्रश्न उरलाच होता आणि मी सायन्सचा मास्तर होतो. मला उत्तर सापडलं. पत्र्याची खोली, वर बाराचं ऊन. उष्णतेनं धातू प्रसरण पावतो, हे मी त्याच महिन्यात आठवीला शिकवलं होतं. पाणबुड्याच्या पोटातली स्प्रिंग तापून सैल पडत असणार, म्हणून तो दादाच्या पाळीत हळू चालतो. आमच्या पाळीपर्यंत उन्हं कलतात, तो ताळ्यावर येतो.

हे मी दादाला सांगितलं. तो ऐकत राहिला. इतकं मन लावून माझं बोलणं माझ्या विद्यार्थ्यांनीही कधी ऐकलं नाही.

"मग आता कसं करायचं?" त्यानं विचारलं.

"गार ठेवायला पाहिजे."

"ओलं फडकं गुंडाळलं तर?"

दादानंच जुन्या धोतराचा तुकडा फाडला, दादानंच तो पाटाच्या पाण्यात भिजवून पिळला आणि आम्ही दोघांनी मिळून तो पाणबुड्याभोवती गुंडाळला. तबकडीपुरती जागा उघडी ठेवली. समुद्रात बुडून चालणारं घड्याळ आम्ही दुष्काळात ओल्या फडक्यानं निववत होतो. दादा गंभीरपणे म्हणाला, "शेवटी सायन्स ते सायन्सच, मास्तर." मला किती बरं वाटलं होतं.

त्यानंतर दोनतीन दिवसांनी लाईट गेली.

दादाची पाळी चालू होती. आबा लांब, बागेच्या टोकाला, पाणी येईल तेव्हा वाफे तयार असावेत म्हणून खोऱ्यानं माती ओढत होते. मी मोटारीच्या खोलीमागं सावलीच्या पट्ट्यात पत्र्याला टेकून बसलो होतो. मी तिथं आहे हे दादाला ठाऊक नव्हतं. मोटारीचा घूं-घूं आवाज एकाएकी थांबला आणि सगळा मळा गप्प झाला. त्या शांततेत, पत्र्याच्या पलीकडून, माझ्या डोक्यामागं हातभर अंतरावर आवाज आला.

कट. कट. कट.

तो आवाज माझ्याइतका कुणाला माहीत होता? सतरंजीवर बसून तासन्‌तास ऐकलेला. सगळ्या जिल्ह्यात तो आवाज ओळखणाऱ्या कानांच्या दोनच जोड्या होत्या, त्यातली एक पत्र्याच्या आत होती.

लाईट लगेच आली. मोटार पुन्हा सुरू झाली. मी उठून पुढं गेलो. दादा पाठमोरा होता. त्याचा अंगठा अजून कड्यावर होता आणि ओलं फडकं नीट करायचं काम दुसरा हात करत होता.

त्यानं वळून बघितलं. मग त्यानं हात खाली घेतला.

"रोज?" मी विचारलं.

"रोज न्हाई."

"त्रिकोण पुढं सरकवायचास."

"थोडासाच." तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "कडं दोनीकडं फिरतंय, मास्तर. फिरू नये असं बनवनाऱ्याला वाटत असतं तर त्यानं फिरू दिलं असतं का?"

या वाक्याचा मला पुढं किती वर्षं राग येत राहिला ते सांगता येत नाही. चोरी केली ती केली, आणि वर तोही वाद घड्याळाच्या बनावटीचा केला. जणू आम्ही पेठेतल्या दुकानात बसलो होतो आणि मधे चुन्याची डबी ठेवली होती.

"मागितलं असतंस तर?"

"दिलं असतं आबांनी?"

"मला मागायचं होतंस."

"तुज्या हातात काय हुतं?" तो म्हणाला. "माजी बी झाडं हायेत."

"आणि फडकं? ते कशाला भिजवलंस?"

तो फडक्याचं टोक पुन्हा खोचू लागला. मला त्याच प्रश्नाचं उत्तर पाहिजे होतं.

तेवढ्यात आबा खोरं खांद्यावर टाकून आले. घामानं डोळे चुरचुरत होते म्हणून ते पत्र्याशी थबकले आणि बाहेरूनच म्हणाले, "काय रं, आला का काटा तिकोनावर?"

काटा आला नव्हता. सासऱ्यांच्या मागं पडलेल्या घड्याळातही तास होऊन गेला होता, पण त्रिकोण अजून पुढं होता. मी हात पुढं केला आणि कडं अंगठ्यानं मागं फिरवलं. तोच नाजूक आवाज झाला. त्रिकोण काट्यावर आणून ठेवला.

"आलाय, आबा."

दादानं ते बघितलं. आबा वाकून, हात जोडून, आमच्या पाटाचं दार फोडायला निघून गेले. त्या दिवशी खालच्या दोन ओळींपर्यंत पाणी पोचलं. मला वाटतं, त्या दोन ओळी त्याआधीच गेल्या होत्या. पानं होती, पण मोडली की कडकन आवाज यायचा.

आबांना मी दोन दिवसांनी सांगितलं. त्यांनी खोरं बांधाला टेकवलं आणि मातीत बसले. मला वाटलं दादाच्या नावानं काहीतरी बोलतील, चुलत्यांची आठवण काढतील. ते हाताची बोटं बघत होते.

"पान्याचं मी समजू शकतो," ते म्हणाले. "दुस्काळ हाय. पन मी रोज त्याला हात जोडीत हुतो रं. आन तो बगत हुता."

त्यानंतर पाळ्या मोडल्या. आबांनी सांगितलं, एक दिवस विहीर त्याची, एक दिवस आपली. वेळ नको, घड्याळ नको. आमच्या बागेतल्या खालच्या ओळी गेल्या, वरच्या राहिल्या. दादाची सगळी जगली. पाऊस आल्यावर आबांनी वाळलेली झाडं स्वतः काढली. खालच्या ओळींतून जाताना ते आता वाकत नसत, वाकायला फांद्याच नव्हत्या.

पाणबुड्या खिळ्यावर तसाच राहिला. बाजारचा दिवस आला, आठवडा माझा होता, पण मी तो घेतला नाही. पुढच्या बाजारी दादानंही घेतला नाही. चावी नसलेलं घड्याळ ते, हातात कुणी घालून हिंडलं तरच चालायचं. दोन दिवसांत थांबलं. फडकं वाळून त्याच्याभोवती टणक झालं होतं. पुढं ते कुणी नेलं, मला माहीत नाही. मी विचारलं नाही. घड्याळजीकडे मी सासऱ्यांचं घड्याळ मात्र पुन्हा घेऊन गेलो. त्यानं पट्टी जागेवर आणली आणि दादा का येत नाही म्हणून विचारलं. मी म्हटलं, त्यानं पक्ष बदलला.

बोलणं पुरतं कधी तुटलं नाही. खेड्यात तसं तुटत नाही. लग्नाला बोलावतात, मयताला जावं लागतं, बांध सामाईक असतो. अलीकडे शिर्डीला एका भाच्याच्या लग्नात दादा भेटला. केस पांढरे झाले आहेत, मनगट अजून तसंच. त्यावर एक नवा पाणबुड्या, आमच्यापेक्षाही मोठा. त्याच्या मुलानं बाहेरून आणला होता. पंगत बसायला वेळ होता. तो माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि मनगट पुढं केलं.

"बोल, मास्तर. डबी कशी हाय?"

"जरा मोठी आहे."

"तुला मोटीच वाटनार." तो हसला. तेच हसणं.

भोवती पुतणे-भाचे जमले होते. दोन म्हातारे घड्याळावर बोलताहेत म्हणून त्यांना मजा वाटत होती. दादानं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं. मी चष्मा कपाळावर चढवला, ते कानाशी धरलं. मग अंगठा कड्यावर ठेवला आणि पुढं फिरवलं. फिरलं नाही. मागं फिरवलं, फिरलं, कट-कट करत. पुन्हा पुढं, नाही.

"आता एकाच अंगाला फिरतंय," त्याचा मुलगा कौतुकानं म्हणाला. "काका, ते मुद्दाम केलंय. पाण्यात चुकून धक्का लागून सरकलं तरी वेळ जास्त झाला असंच दाखवणार, म्हणजे माणूस लवकर वर येतो. पुढं सरकलं असतं तर माणूस खालीच राहिला असता, हवा संपेपर्यंत."

"चुकून धक्का लागून," मी म्हणालो.

दादानं मांडवाच्या दाराकडे बघितलं. पंगत बसल्याची हाक आली होती की नाही, मला ऐकू आली नाही, पण तो उठला. त्यानं हात पुढं केला आणि मी घड्याळ त्याच्या तळव्यावर ठेवलं.

"लई सुधारना झालीय," तो पट्टा लावता लावता म्हणाला.

"झाली," मी म्हटलं. "जरा उशिरानं."

पंगतीत तो माझ्यापासून चार पानं सोडून बसला.